खाऱ्या पाण्यातली बुडी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी सहासष्ट वर्षांचा होतो. पाण्यात कसं उतरायचं हे मला कुणी शिकवावं, असं माझं वय तेव्हाही नव्हतं आणि स्वभाव तर कधीच नव्हता. पण त्या साली समुद्रात जे झालं ते माझ्या हातानं लिहून ठेवतो. दुसऱ्यानं सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल. मी त्या दिवशी जेवढा भ्यालो तेवढा आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. बाकीचं शिक्षण विहिरीत झालं. आमचं गाव अचलपूरच्या बाजूला. संत्र्याच्या बागा भरपूर, त्यामुळं विहिरीही भरपूर आणि खोल. कुणाची मोटर पाण्यात पडायची, कुणाच्या पाइपाच्या टोकाचा फूटवॉल गाळात फसायचा, कुणाचं वासरू जायचं. गळ टाकून निघालं नाही की लोक माझ्याकडं यायचे. कमरेला दोर बांधायचा, छातीत दम भरून घ्यायचा आणि बुडी मारायची. हाताला वस्तू लागेपर्यंत दम सोडायचा नाही. दम सोडला तो संपला. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. नारळ, टोपी, दुपट्टा देत, तेवढं घ्यायचो.

वस्तूंसारखी माणसंही काढली. बहुतेक बायाच. त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही, घरी मीही कधी बोललो नाही. पण पाण्यात बाई कशी दिसते ते मला माहीत आहे. ती तळाशी नसते. मधेच कुठंतरी अडकल्यासारखी असते. दोन्ही हात बाजूंना पसरलेले, लुगडं फुगलेलं, कशाची घाई नाही. त्यातली एक वाचली. तिचेही हात तसेच पसरलेले होते. मी तिच्या दंडाला धरलं आणि जीव खाऊन वर घेऊन आलो. काठावर तिनं पाणी ओकलं आणि रडायला लागली. आज तिच्या घरात नातवंडं खेळतात. त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं केलं की पाण्यात हात पसरलेलं माणूस दिसलं तर विचार करत बसायचं नाही. धरायचं आणि वर काढायचं. हवा वर आहे.

हे सगळं पाहिलेलं असल्यामुळं माझ्या बायकोला मी पाण्याजवळ जाऊ देत नव्हतो. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवली ती गावात पहिली. लोक हसले. मी कारण सांगितलं नाही.

तिचं माहेर अकोला जिल्ह्यातलं, बार्शीटाकळीकडचं. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात तिकडं पाणी दुरून डोक्यावर आणावं लागे. पाण्यात उतरून पोहायचं असतं ही गोष्टच तिला ठाऊक नव्हती. ती शिकली साठी ओलांडल्यावर, अमेरिकेत, आमच्या मुलीच्या सोसायटीच्या हौदात. आम्ही मुलीकडं चार महिन्यांसाठी गेलो होतो. मी घरात नातवाजवळ बसलो असेन असं समजून माय-लेकी रोज सकाळी हौदावर जात. मी खिडकीतून पाहत असे. तिचं डोकं पाण्याखाली गेलं की माझे हात खिडकीची चौकट धरून ठेवत. महिन्याभरात ती बरी पोहायला लागली. मला वाटलं, झाली हौस.

हौस झाली नव्हती. मुलगी आणि जावई आदल्या वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर जाऊन आले होते. पाठीला हवेची बाटली बांधून समुद्राच्या आत उतरायचं, मासे पाहायचे. त्याचा व्हिडिओ मुलीनं आईला दाखवला. तिनं तो किती वेळा पाहिला कोण जाणे. मग आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिकडं जायचं ठरलं. मुलगी आमच्यासोबत येणार, जावई लेकराजवळ थांबणार.

मी म्हणालो, "या वयात हे नाटक कावून?"

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमाले नसन उतरायचं तर काठावर बसा. आईले जायचं हाय."

"आईले भीती नाही वाटत?"

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भीती कायची? तुह्या बापानं आख्खी जिंदगी पाणी आतून पायलं. मले बादलीतलं दाखवलं."

ती खाली जाणार आणि मी काठावर बसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मीही उतरणार म्हणून सांगितलं. अमरावतीहून निघताना डॉक्टरनं छाती, रक्तदाब सगळं तपासलेलं होतं. तिकडंही एकदा तपासलं. दोघांचंही चांगलं निघालं. मला मनातून वाटत होतं, तिचं तरी काही वाईट निघावं.

बेटावरचं ते रिसॉर्ट म्हणजे समुद्राला लागून लाकडी खोल्या, मधे हौद आणि एका टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये भिंतीवर खुंट्या, आणि खुंट्यांवर पाण्यात घालायचं सामान टांगलेलं. तिथली शिकवणारी बाई चाळिशीची होती. काळी, उंच, दंडानं मजबूत. ती मला पपा म्हणायची आणि बायकोला ममा. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला पाठीला बाटली बांधून हौदात घातलं. पाणी माझ्या छातीइतकं. मी हसलो, पण उतरलो.

ती सांगायची आणि मुलगी काठावरून मराठीत सांगायची. एकच गोष्ट त्या बाईनं परत परत सांगितली. श्वास कधीच थांबवायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. आणि कधी वर यावं लागलंच तर सावकाश यायचं आणि येताना तोंडानं 'आ' करत राहायचं. बायकोनं लगेच 'आ' करून दाखवलं. बाई खूश झाली.

मग माझ्याकडं वळली. मी पाण्याखाली बसलो होतो आणि माझ्या तोंडाजवळून बुडबुडे निघत नव्हते. तिनं माझ्या छातीवर बोटानं टकटक केलं. मी वर आलो.

"बाबा, ते म्हणून राहिली, तुमी श्वास धरून ठेवता."

"तिले सांग, दम धरायले मले वर्षं लागली शिकायले. सुटतच नाही तो."

मुलीनं काय सांगितलं माहीत नाही. बाईनं मान हलवली आणि माझ्याकडून पुन्हा करून घेतलं. तिच्यासमोर मी घेतला श्वास, सोडला. तिनं मान्य केलं. मला वाटलं, ही गोष्ट नवशिक्यांसाठी आहे. ज्याला दम नाही तो घाबरून श्वास अडकवत असेल, म्हणून सांगत असतील. श्वास का थांबवायचा नाही, हे मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेतून आम्हाला आत नेलं. मुलीला सर्दी झाली होती, म्हणून ती खाली येणार नव्हती. नावेत ती, नाववाला, आणि खाली उतरणारे आम्ही तिघं, मी, बायको आणि शिकवणारी. नाव थांबली तिथं पाण्यात एक दोर सोडलेला होता. तो धरून खाली जायचं, तीस फूट. मी मनात म्हटलं, एवढी तर आमची पाटलाच्या मळ्यातली विहीर.

पण विहिरीला भिंत असते. हे मला खाली गेल्यावर कळलं. विहिरीत तुम्ही कितीही खोल जा, हात लांब केला की दगड लागतो. वर पाहिलं की उजेडाचा गोल दिसतो, त्यात माणसांची डोकी दिसतात. इथं चारी बाजूंना निळं, आणि ते कुठंच संपत नव्हतं. खाली दगड, झाडांसारखं काहीतरी, पण बाजूला काही नाही. मी दोर दोन्ही हातांनी धरला. माझ्या श्वासाचा आवाज माझ्याच कानात भात्यासारखा येत होता. त्या आवाजाची मला भीती वाटायला लागली. विहिरीत मी कधी माझा श्वास ऐकला नव्हता, कारण तिथं तो नसतोच. म्हणून मी तो कमी केला. एक घ्यायचा आणि धरून ठेवायचा. बरं वाटलं. ओळखीचं वाटलं.

बायको त्या बाईचा हात धरून पुढं चालली होती. तिच्या अंगावर काळा रबरी पोशाख, पायात पोहायचे रबरी पंख. चाळीस वर्षं मी माझ्या बायकोला पाठमोरी पाहिलेलं आहे, शेतात, रस्त्यावर, चुलीपुढं. पण पाण्यात ती मला ओळखू येत नव्हती. मासे तिच्या बाजूनं जात होते आणि ती बोट दाखवत होती. मी दोर सोडला नाही.

शिकवणारीनं मागं वळून पाहिलं. मी अडकलोय असं तिला वाटलं असावं. तिनं बायकोला एका मोठ्या दगडाजवळ थांबायची खूण केली, तिचा हात सोडला आणि माझ्याकडं यायला लागली. तेवढ्यात दगडापलीकडून एक मासा निघाला. वाळत घातलेली गोधडी वाऱ्यावर सुटावी तसा. रुंद, चपटा, दोन्ही बाजू वरखाली हलवत तो गेला. मी माशाकडं पाहत राहिलो. तो दिसेनासा झाला तेव्हा नजर बायकोकडं वळवली.

ती मधेच तरंगत होती. तळाला नाही, वर नाही. दोन्ही हात बाजूंना पसरलेले. तोंड खाली. हलत नव्हती.

पुढचं मी ठरवून केलं नाही. दोर सोडला, त्या शिकवणारीला बाजूला सारलं आणि बायकोचा दंड धरला. धरला म्हणजे बोटं रुतवली. छातीत दम भरलेला होताच. पाय मारले आणि वर निघालो. एवढ्या जोरात मी तरुणपणीही कधी वर आलो नसेन.

वर येताना मला तिचा आवाज ऐकू येत होता. हवेची नळी तोंडात, त्यामुळं शब्द कळत नव्हते, पण ओरडत होती. बुडबुड्यांचा नुसता लोट. मला वाटलं, चला, जिवंत आहे. तेवढ्यात कुणीतरी माझा पाय धरला, अंगावर चढत वर आलं आणि माझ्या पोटात बुक्की मारली. साधीसुधी नाही. माझा सगळा दम तोंडातून निघून गेला. त्या बाईनं मला मारलं होतं. ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एका हातानं माझा पट्टा धरून, दुसऱ्या हातानं माझं पोट दाबत होती, आणि आम्ही तिघंही तसेच वर आलो.

पाण्याबाहेर डोकं निघताच मी म्हणालो, "या बाईनं मले मारलं."

बायको नळी थुंकून म्हणाली, "मीबी मारीन. नावेवर चढू द्या फक्त."

"बुडून राहिली होती तू."

"कोण बुडून राहिलं होतं? तो मासा कसा गेला तसं करून पायत होती मी. मले काहीच झालं नव्हतं. ओढत आणलं जनावरावानी."

आम्हाला नावेवर घेतलं. शिकवणारी आता हसत नव्हती. ती भराभर विचारत होती आणि मुलगी भराभर आम्हाला विचारत होती. छातीत दुखते का. श्वास घ्यायला त्रास आहे का. डोकं, डोळे, जीभ. मुलीचं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं.

"झालं काय एवढं?" मी विचारलं. "वर तर आणलं तिले."

मुलगी माझ्यापुढं उकिडवी बसली. म्हणाली, "बाबा, नीट आइका. बाटलीतली हवा खाली दाबून भरल्यासारखी येते छातीत. तीस फुटावर छाती भरून घेतली अन् वर आलं, तर ते हवा वर येता येता जवळपास दुप्पट होते. सोडली नाही तर छाती आतून फाटते. मग ते हवा रक्तात जाते, मेंदूत जाते. माणूस नावेवरच जाते."

हे समजायला मला शाळेची गरज नव्हती. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा जास्त भरली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आणि त्याच वेळी दुसरं पण समजलं. विहिरीत मी दम वरून घेऊन जायचो. तो खाली आकसत असेल, आणि वर येताना पुन्हा तेवढाच होत असेल. तो मला फाडूच शकत नव्हता. इथं मी तिला खालची हवा भरलेली असताना, जमेल तितक्या जोरानं वर आणलं होतं. जे केल्यानं विहिरीत माणूस वाचतं, तेच केलं होतं.

"ती ओरडत होती म्हणून वाचली असन," मुलगी म्हणाली. "सारा वेळ हवा निघून राहिली होती तिची. अन् तुमाले बुक्की मारली ते तुमचा दम काढायले."

बायकोनं विचारलं, "म्हणजे शिव्या देल्या थे बरंच झालं?" आणि जरा हसली. मग हसता हसता थांबली. उजवा हात मांडीवरून उचलून पाहत म्हणाली, "ह्या हाताले मुंग्या येऊन राहिल्या. बोटं बधिर झाले."

मुलीनं ते शिकवणारीला सांगितलं.  तिनं एक पेटी उघडली, बायकोला नावेच्या फळीवर आडवं केलं आणि तोंडावर ऑक्सिजन लावला. नाववाल्याला एक शब्द बोलली. नाव उडायला लागली.

मी बायकोच्या पायाशी बसलो होतो. मला विचारायचं होतं की हाताला मुंग्या म्हणजे काय. पण मुलगी माझ्याकडं पाहतच नव्हती, म्हणून मला उत्तर कळलं.

दवाखाना लहान होता. डॉक्टर म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. त्यानं तिला नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळे मिटून उभं केलं, रेघेवरून चालवलं, हात दाबून पाहिले. डाव्या हातात जोर होता, उजव्यात कमी. मग मानेवर दोन्ही बाजूंनी बोटं दाबली. मी मुलीला विचारलं, मान कावून दाबते?

"फुफ्फुस फाटलं असन तर हवा कातडीखाली येते म्हणते. दाबलं की पापडावानी वाजते."

"वाजलं का?"

"नाही वाजलं. पण हात..."

डॉक्टर सांगत होता ते तिनं तुकड्यातुकड्यानं मला सांगितलं. हवा दाबून भरलेल्या ज्या यंत्रात असल्या माणसाला ठेवतात ते या बेटावर नाही, दुसऱ्या बेटावर आहे. हात सुधारला नाही तर विमानानं न्यावं लागेल. तोवर ऑक्सिजन, आणि वाट पाहायची.

मी वाट पाहिली. खुर्ची दिली होती, तिच्यावर बसलो नाही. खाटेजवळ उभा राहिलो. बायको मुखवट्याआड डोळे मिटून पडली होती आणि बोटं उघडत-मिटत होती. दर वेळी मी त्या बोटांकडं पाहत होतो. माझ्या मनात जे आलं ते लिहितो. ही इथं गेली तर तिला आपल्या गावी कसं न्यायचं? किती विमानं? बार्शीटाकळीला तिचा भाऊ आहे, त्याला फोन कोण करणार? तो विचारेल, भाऊजी, बहीण कशी गेली? मी सांगणार की पाण्यात खेळत होती, मी वर काढली. मी इतक्या घरांची ओली माणसं काठावर आणून ठेवली, आणि त्या घरातल्या माणसांच्या तोंडाकडं कधी पाहिलं नाही. टोपी घेतली आणि निघालो. आता मला त्यांची तोंडं एकेक करून दिसायला लागली.

मी तिच्या मानेवर बोट ठेवून दाबलं. वाजलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं.

मुखवट्याआडून ती म्हणाली, "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

"कोंबडी घ्यायले आल्यावानी दाबून राहिले सारखे."

मी हात काढला नाही.

मग नर्सनं तो रबरी पोशाख तिच्या अंगावरून सोलायला घेतला. घट्ट बसलेला होता, बाही निघता निघेना. शेवटी बाही निघाली तेव्हा उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे ठसे दिसले, पलीकडून अंगठ्याचा पाचवा. डॉक्टरनं ते पाहिलं. वाकून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. माझा हात धरून त्यानं माझी बोटं एकेक करून त्या ठशांवर ठेवली. बरोबर बसली.

तो मुलीला काहीतरी म्हणाला. मुलगी मटकन खाटेवर बसली.

"बाबा, नस दबली तिची. तुमी धरलं तिथी. डॉक्टर म्हणते, हवेचं नसन बहुतेक. नस मोकळी झाली की येईल जोर."

बहुतेक, असं तो म्हणाला होता. मी तो शब्द धरून ठेवला. दुपार कलली तसा तिच्या हातात जोर येत गेला. तिनं पेला धरला, मग डॉक्टरची बोटं इतकी दाबली की तोच ओय म्हणाला. संध्याकाळी आम्हाला सोडलं. दोन दिवस पाण्यात जायचं नाही, रात्री काही वाटलं तर लगेच यायचं, असं सांगून. दोन दिवसांनी हात ठीक असला तर ती पुन्हा खाली जाऊ शकते, हेही त्यानं सांगितलं. ते त्यानं सांगायला नको होतं.

खोलीपुढच्या लाकडी ओट्यावर आम्ही दोघं बसलो. समोर समुद्र. मुलगी जेवण आणायला गेली होती.

बायको म्हणाली, "परवा मी जाईन."

"नाही जाणार."

"डॉक्टरनं हो म्हटलं."

"डॉक्टरनं तुले पाण्यात पायलं नाही. मी पायलं."

"काय पायलं?"

तेव्हा मी तिला सांगितलं. चाळीस वर्षांत जे घरी बोललो नव्हतो ते. विहिरीत बाया कशा दिसतात. हात कसे असतात. तिचेही तसेच होते. मी भराभर सांगितलं, समुद्राकडं पाहत. ती ऐकत होती. उजवा हात डाव्यात घेऊन चोळत होती.

मग म्हणाली, "अजी, मले इचारायचं तर होतं. खूण तर करायची. त्या बाईनं शिकवल्या व्हत्या ना खुणा."

"खाली कुठी इचारत बसू? तोंडात नळी."

"अन् वर कवा इचारलं?"

उत्तराची ती वाट पाहत नव्हतीच.

"इहिरीवर जाळी बसवली तवा इचारलं का? मी रोज सकाळी पाणी पाहाले जात होती तिथी. थंड वाटे. एक दिवस गेली तर लोखंड. म्हटलं, असन काही." तिनं हाताची मूठ केली आणि उघडली. "आज मी खाली होती, तवा मले काहीच भेव नव्हतं. एवढंसं नव्हतं. मंग तुमी धरलं. वर येईपर्यंत मले वाटलं, आता मरते मी. पाण्यानं नाही."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे तुमी माह्याजवळ असले पाण्यात, तर मले भेव वाटते."

हे ती रागानं म्हणाली असती तर मी उलट बोललो असतो. ती सांगत होती, जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात तसं. मुलगी ताटं घेऊन आली. आम्ही जेवलो. बायको उजव्या हातानंच जेवली, मी प्रत्येक घास पाहिला. रात्री ती झोपली आणि मी तिचा श्वास ऐकत राहिलो. घेते, सोडते. माझ्या डोळ्यासमोर ते निळं होतं, ज्याला भिंत नव्हती, आणि परवा ती पुन्हा त्यात जाणार होती. माझी भीती काही कमी झाली नव्हती. ती आजही कमी नाही. पण खाली तिच्याजवळ एक माणूस असा नको होता, ज्याचे हात विचार न करता धरतात. तो माणूस मी होतो, आणि माझे हात आता सुधारतील असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. शिकवणारी बाटल्या ओळीनं लावत होती. मला पाहून तिनं आधी ममाच्या हाताबद्दल खुणेनं विचारलं. मी माझी मूठ करून दाखवली, बरा आहे. मग माझ्या खुंटीवरचा पोशाख, डोळ्यांवरची काच, पंख, सगळं काढून तिच्यापुढच्या फळीवर ठेवलं. तिला वाटलं, बुक्कीचा राग आहे. ती पोटावर हात ठेवून काहीतरी बोलायला लागली. मी नको नको केलं. ती बायकोच्या सामानाकडं बोट करून विचारायला लागली, हेही परत का?

मी म्हणालो, "नो."

बायकोचं सामान माझ्या रिकाम्या खुंटीच्या शेजारी टांगलेलं होतं. ते मी तिथून काढलं, शेडच्या दुसऱ्या टोकाला जिथं ती शिकवणारी स्वतःचं सामान टांगते तिथं नेलं, आणि त्याच्या बाजूच्या खुंटीवर अडकवलं. पंखाचा एक पट्टा सैल वाटला, तो ओढून पाहिला. मग बायकोसाठी चहा आणायला गेलो.